चैत्र नावाची मेणबत्ती

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर बहुतेक अर्ध्यावरच सोडून देतो. रस्त्यात उभी असलेली बाई, कुणीतरी नावानं मारलेली हाक... माझ्या पचनी नाही पडत. माझं सगळं आयुष्य मशीनच्या देखभालीत गेलं. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतंच, सापडत नसेल तर शोधणारा कमी पडतोय – एवढंच मला माहीत. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि हे लिहितानाही नाही.

आणि मी सांगतोय त्यात भूत नाहीच. कुणी दिसलं नाही, कुणी बोललं नाही. फक्त एक वास आला. पण तो वास काय होता हे कळायचं तर त्याआधी चार वर्षं मी माझ्या घरात काय करत होतो ते सांगावं लागतं, आणि तेच सांगायला जीभ रेटत नव्हती. माझं नाव लिहीत नाही. बाकी सगळं आहे तसं लिहितो.

आम्ही संभाजीनगरात सिडकोत राहतो, एन-नाइनमध्ये. रो हाऊस आहे, दोन खोल्या पुढं, एक मागं. मी चितेगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. घरात मी आणि माझी बायको अर्चना. तिचं माहेर पाचोडजवळचं. तिचा एकच भाऊ, विलास – माझा मेहुणा. त्याचा टेंपो होता, मोसंबीच्या सीझनला माल भरून मार्केटला यायचा आणि परत जाताना आमच्याकडं चहाला थांबायचा. मला दाजी म्हणायचा. 'दाजी, कंपनीत फुकट वारा खाता का पंख्याचा, चला एक दिवस टेंपोवर.' असा माणूस.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्हा दोघांना ताप आला. विलासलाही आला. आम्ही घरीच बरे झालो. विलास घाटीत, इथल्या सरकारी दवाखान्यात, गेला तो परत आला नाही. अंत्यविधीला अर्चनाला जाता आलं नाही, तिचा ताप उतरला नव्हता.

त्या तापात आमचा दोघांचा वास गेला होता. तेव्हा पुष्कळांचा गेला होता, त्यात काही विशेष नव्हतं. तिचा ताप उतरल्यावर आठवड्याभरात परत आला. कांदा परतताना ती एकदम म्हणाली, "आला मला. तुमचा आला का?"

मी म्हणालो, "हो, आला."

आला नव्हता. पण भाऊ जाऊन पंधरवडा झालेल्या बाईला अजून एक काळजी कशाला, आज ना उद्या येईलच, असं मनात होतं. म्हणजे खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. उद्याचं आज सांगितलं, इतकंच.

तो आला नाही. महिने गेले, वर्ष गेलं. वास नसला म्हणजे काय होतं ते सांगणं अवघड आहे, कारण दुखत काहीच नाही. दूध उतू जाऊन जळलं तरी मी शेजारी पेपर वाचत बसलेला. पावसाळ्यात शर्टाला कुबट वास येतोय का हे कळायचं नाही म्हणून रोज दोनदा बदलायचा. नात झाली, तिला जवळ घेतलं – बाळाच्या टाळूला एक वास असतो, तो नाही. मग ते बाळ नुसतं गरम आणि मऊ. सगळं काचेच्या पलीकडं असल्यासारखं. त्याचीही सवय होते.

मेणबत्त्यांचं पुढं सुरू झालं. अर्चना घरात नुसती बसून राहायची, भिंतीकडं बघत. मुलीनं तिला मोबाइलवर एक ऑनलाइन क्लास लावून दिला, सुगंधी मेणबत्त्यांचा. आधी नाही-नाही म्हणाली, मग तिला त्याचं वेडच लागलं. मागची खोली तिनं ताब्यात घेतली. सोयाबीनपासून केलेलं मेण येतं, ते पातेल्यात पातेलं ठेवून वितळवायचं. खाली उतरवून जरा निवलं की सुगंधी तेल घालायचं, ढवळायचं, काचेच्या बरणीत वात उभी धरून ओतायचं. आणि झाकण लावून पंधरा दिवस ठेवून द्यायचं. लोणच्यासारखं मुरावं लागतं म्हणे, त्याशिवाय पेटवल्यावर वास पसरत नाही.

यात एक अडचण असते. दिवसभर त्या वासात राहून करणाऱ्याचं नाक बसतं. आपलाच माल आपल्याला नीट कळत नाही. त्यामुळं बाहेरून आलेलं, ताजं नाक लागतं. आमच्या घरात बाहेरून येणारं नाक एकच होतं.

संध्याकाळी मी आलो, हातपाय धुतले की ती नव्या मालातली एक बरणी टेबलावर ठेवायची, पेटवायची, आणि थोड्या वेळानं विचारायची, "काय येतंय?"

पहिल्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण भाऊ गेल्यानंतर ती पहिल्यांदा काहीतरी घेऊन माझ्यासमोर बसली होती. डोळ्यांत अगदी निकालाची वाट बघत बसलेल्या मुलीचा भाव. मी म्हणालो, "छान आहे. जरा गोडसर." ती म्हणाली, "व्हॅनिला आहे." म्हणजे जमलं.

मग ते जमतच गेलं. तिच्या तोंडाकडं बघितलं की कळायचं, तिला स्वतःला माल आवडलाय की शंका आहे. शंका दिसली की 'मागच्यापेक्षा थोडा कमी वाटतो' म्हणायचं. खूश दिसली की 'पास'. ती नसीम भाभींना कौतुकानं सांगायची, "यांचं नाक लई पक्कं. हे पास करत नाहीत तोवर मी बरणी बाहेर काढत नाही." नसीम भाभींचं टीव्ही सेंटरला गिफ्टचं छोटं दुकान आहे, अर्चनाचा माल तिथंच जायचा.

एका दिवाळीला मोगऱ्याचा माल केला होता. तेल जास्त पडलं होतं, तिला स्वतःला कळलं नाही आणि मी पास केला. एका बाईनं पाडव्याला घरात पेटवली, तिच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना रात्रभर मळमळ आणि खोकला. ती दुकानात येऊन भांडून गेली, आम्ही दोघं तेव्हा तिथंच होतो. अर्चनानं सगळ्या बरण्या परत आणल्या आणि चमच्यानं एकेक खरवडत बसली. मी समोर बसून बघत होतो. तेव्हाही बोलता आलं असतं. ती म्हणाली, "तुमच्या नाकाला कळलं नाही म्हणजे तेलच खराब आलं असणार." मी म्हणालो, "असेल." आणि जेवायला उठलो.

यंदा गुढीपाडव्यासाठी तिच्या डोक्यात एक वेगळी मेणबत्ती होती. नाव आधीच ठरलं होतं – 'चैत्र'. त्यात काय घालणार हे मात्र मला सांगितलं नाही. "आधी सांगितलं तर तुम्ही तेच हुंगाल," म्हणाली. तयार तेल मिळणार नव्हतं, चार-पाच लहान बाटल्यांतून थोडं थोडं घेऊन तिनं ते स्वतःच जुळवलं, मी ड्यूटीवर असताना. तपकिरी बाटलीत भरलं, झाकणाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि कपाटात ठेवलं. तेलंही एकमेकांत मुरू द्यावी लागतात. मग एक दिवस मेण वितळवून बरण्या भरल्या, झाकणं लावली, आणि त्यांचे पंधरा दिवस सुरू झाले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त कपाटावर नव्या बरण्या दिसल्या, पांढऱ्या मेणाच्या.

होळी होऊन गेली होती. त्या संध्याकाळी बस वेळेवर आली. बाहेर अजून उजेड होता. आमच्या गल्लीच्या टोकाला एक कडुनिंब आहे, त्याची पानं गळून तो नुसता खराटा झाला होता, हे मला पक्कं आठवतं, कारण नंतर मी त्याचा फार विचार केला. मी हातपाय धुऊन बसलो. अर्चनानं बरणी ठेवली, वात पेटवली, खिडक्या लावून घेतल्या आणि समोर बसली. आठवडाभर तिनं लव्हेंडरच्या एका ऑर्डरचं काम केलं होतं, त्यामुळं तिचं नाक पूर्ण बसलं होतं. मला म्हणाली, "मला आज काहीच कळत नाही. सगळं तुमच्यावर."

मी नेहमीसारखा तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो, काय म्हणायचं ते ठरवत.

आणि मला वास आला.

चार वर्षांनी. आधी कळलंच नाही की हा वास आहे. छातीत काहीतरी उघडल्यासारखं झालं, थंड. मग तो नाकात स्पष्ट झाला. इतका स्पष्ट की मी हात गुडघ्यांवर दाबून धरले.

"काय येतंय?" अर्चना.

"कडुनिंब," मी म्हणालो. "मोहर आलेला. सकाळचा असतो तसा, ऊन चढायच्या आधीचा."

"अजून?"

"काकडी. आत्ता कापलेली."

ती थोडी पुढं सरकली. "व्हय?" हे 'व्हय' तिच्या तोंडून मी फार दिवसांनी ऐकलं. सिडकोत आल्यापासून ती 'हो' म्हणते.

"हो. आणि... जरासं डिझेल आहे का यात? भांडं कशानं पुसलंस?"

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली आणि मग उठून आत गेली. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ नळ चालू होता.

मी तसाच बसून होतो. रडू आलं नाही, आनंदही झाला असं म्हणवत नाही. मनात पहिला विचार काय आला ते लिहितो, कारण आता लपवायचं नाही असं ठरवलंय. पहिला विचार आला – सुटलो. वास परत आला म्हणजे आता मी खरं बोलणारा माणूस झालो. चार वर्षांचं खोटं कुणाला कधी कळायची गरजच नाही.

ती बाहेर आली तेव्हा मी "पास" म्हणालो. तिनं मान हलवली आणि मेणबत्ती विझवली.

सकाळी उठलो. चहा घेतला. कपात नाक घालून ओढून ओढून बघितलं. काही नाही. गरम वाफ, बस्स.

बरण्या नसीम भाभींकडं गेल्या. पाडवा तोंडावर आला होता. चार दिवसांनी, रविवार होता, भाभी स्वतः रिक्षा करून आल्या. बरण्यांची पिशवी टेबलावर ठेवली.

"अर्चना, बुरा नक्को मान. इसमें तो खुशबूच नै है."

"काय बोलता भाभी?"

"मैं समझी मेरी नाक खराब है. बहू कू सुंघाई, बाजू के मेडिकलवाले कू सुंघाई. सब बोले खाली मोम है. मेरा मियां तो बोला रख लो, लाइट गई तो काम आएगी."

"असं कसं होईल? यांनी पास केलंय."

भाभींनी माझ्याकडं बघितलं. "तो भाईसाब कूच पूछो ना, क्या सूंघे थे."

त्या चहा घेऊन गेल्या. अर्चना मागच्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती तपकिरी बाटली होती. माझ्यासमोर ठेवली. गळ्यापर्यंत भरलेली. झाकणाभोवतीची पांढरी पट्टी जशीच्या तशी.

"मी तेल घातलंच नाही," ती म्हणाली. "मेण उतरवलं आणि पाचोडहून वहिनीचा फोन आला. टेंपो विकला म्हणाली, गिऱ्हाईक आलंय, आत्ता घेऊन चाललेत. मी बोलत बोलत ढवळत होते... तशीच ओतून टाकली." ती थांबली. "त्यात नुसतं मेण आहे. मग तुम्ही काय हुंगलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. आणि मला कळलं की आता दोनच गोष्टी आहेत, एक तर काहीतरी रचायचं, नाहीतर सगळं सांगायचं. मी दमलो होतो. एवढंच कारण, दुसरं मोठं काही नाही.

"मला वास येत नाही," मी म्हणालो. "तापात गेला तो आलाच नाही."

"कुठल्या तापात?"

"त्याच."

तिला ते पोचायला वेळ लागला. मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली, अगदी शांतपणे.

"व्हॅनिला?"

"नाही."

"गुलाबाचा तो, तुम्ही परत करायला लावलेला?"

"नाही."

"मोगरा?"

"नाही."

मोगऱ्यानंतर तिनं बाटली उचलली आणि परत ठेवली. "त्या बाईचे मी पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. तुम्ही तिथंच उभे होतात."

"हो."

"म्हणजे इतकी वर्षं मी एका भिंतीला विचारत होते."

मी बाटलीकडं बघत होतो.

"मग कडुनिंब कुठून आणला?" ती म्हणाली. "आणि काकडी? मी कुणाला बोलले नव्हते. मुलीलासुद्धा नाही."

"तेवढा एक आला होता."

"तेवढाच आला."

"हो."

तिनं बाटलीची पट्टी ओढून काढली, झाकण उघडलं आणि बाटली माझ्या नाकाखाली धरली. "आता सांगा."

काही नाही. मी मान हलवली. तिनं स्वतः हुंगून बघितलं, मग आत जाऊन हिंगाची डबी आणली. मग कापूर. मग फिनाइल. एकामागून एक माझ्या नाकाखाली धरत गेली आणि मी नाही, नाही म्हणत गेलो. बाम धरला तेव्हा नाकात झोंबलं आणि डोळ्यांतून पाणी आलं, पण वास नाही. टेबलावर डब्या-बाटल्यांची रांग झाली. कुणी त्या वेळी घरात आलं असतं तर आम्हाला वेड लागलंय असं म्हणालं असतं.

शेवटी ती खुर्चीत बसली.

"माहेरी दारात कडुनिंब आहे," ती म्हणाली. "चैत्रात त्याचा मोहर खाली पडतो, सगळा टेंपोवर. विलास पहाटे मळ्यातून काकड्या आणायचा. मी गेले की टेंपोच्या फळीवरच कापायचा, मीठ लावून द्यायचा. माझ्या लग्नानंतरचं आहे हे, तुम्ही उठायच्या आधीचं. मला तेच करायचं होतं. कडुनिंब आणि काकडी. टेंपोचं डिझेल मेणबत्तीत कुठून घालणार... ते काही माझ्या डोक्यातही नव्हतं."

मी टेंपो पाहिलेला होता, कडुनिंबही. त्याखाली बाज टाकून झोपलोही आहे. काकडीचं मात्र मला काहीच माहीत नव्हतं. मी ते बोलून दाखवलं.

"असं तुम्ही म्हणता," ती म्हणाली. "मला बाकी काही नको. मोगरा गेला खड्ड्यात. त्या दिवशीचं तेवढं खरं होतं का, ते सांगा. का तेही माझ्या तोंडाकडं बघून बोललात? मी कधीतरी झोपेत बडबडले असेन, वहिनीशी फोनवर बोलताना तुम्ही ऐकलं असेल..."

"खरं होतं."

"आणि तुमचं खरं मी ओळखायचं कसं?"

ती बाई भावाच्या अंत्यविधीला गेली नव्हती. त्याचा टेंपो गेला त्या दिवशी तिथं नव्हती. आणि ज्या माणसानं तो वास घेतला असं म्हणतोय, तो चार वर्षं तिच्या तोंडावर खोटं बोलणारा. दुसऱ्या कुणाला तो वास आला असता तरी तिला धरून बसायला काहीतरी झालं असतं. तो नेमका मला आला.

त्यानंतर घरात भांडण असं झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. जेवायला वाढायची, डबा द्यायची, मुलीचा फोन आला की माझ्या हातात द्यायची. मेणबत्तीबद्दल मात्र मला विचारणं बंद. नवा माल झाला की झाकण लावलेली बरणी घेऊन सरळ समोरच्या घरी जायची. मी खिडकीतून बघायचो, त्या काकू ओट्यावर बसून डोळे मिटून हुंगतायत आणि अर्चना वाट बघतेय. 'चैत्र'च्या बरण्यांतलं मेण तिनं परत वितळवलं. त्यात तेल घालून पुन्हा केल्या नाहीत, दुसऱ्याच कशात तरी वापरून टाकलं.

मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो. एकटाच. त्यांनी नळी घालून बघितलं. म्हणाले, इतका काळ झाला, आता येईल अशी आशा कमी. मी त्या संध्याकाळचं विचारलं. म्हणाले, होतो असा भास काही पेशंटना, बहुतेकांना जळका किंवा सडका वास येतो. मी म्हणालो, मला काकडीचा आला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, चांगलं आहे की मग. पुढचा पेशंट आत आला.

पाडवा झाला. गल्लीच्या टोकाचा कडुनिंब पालवला, मग मोहरला. खाली बारीक पांढरी फुलं पसरली. मी कंपनीच्या बसमधून उतरून त्याखाली उभा राहायचो, मान वर करून. शेजारचा इस्त्रीवाला एकदा म्हणाला, "काय साहेब, काही अडकलं का वर?" मी म्हणालो, काही नाही. वासही काही नाही.

तो मोहर संपत आला असताना, एका रविवारी सकाळी, अर्चनानं माझ्यासमोर एक बरणी आणून ठेवली. मी पेपर वाचत होतो. पांढरं मेण, वात एकदाच जळलेली. तीच, त्या संध्याकाळची. बाकीच्या वितळवल्या, ही ठेवली होती हे मला माहीत नव्हतं.

तिनं काडी ओढली. वात पेटली. खिडकी लावली. समोर बसली.

मेण वरून पातळ व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही ज्योतीकडं बघत बसलो.

मग म्हणाली, "काय येतंय?"

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं. त्यात शंका नव्हती, परीक्षाही नव्हती. तिला 'हो' हवं होतं. कडुनिंब म्हण, काकडी म्हण, वाटल्यास दुसरं काहीतरी सांग जे फक्त मला आणि विलासलाच माहीत आहे. ती सगळं घ्यायला तयार होती. आणि मला ते सांगता आलं असतं. इतक्या वर्षांत मी तेवढा तयार झालो होतो. मीठ म्हणालो असतो तरी तिनं मान हलवली असती.

मी नाकानं श्वास ओढला. एकदा, दोनदा. ज्योतीची थोडी ऊब आली.

"काही नाही," मी म्हणालो. "काहीच येत नाही, अर्चना."

तिचा चेहरा पडला. तो मी पाहिला, दुसरीकडं बघितलं नाही. तिनं मेणबत्तीकडं बघितलं, परत माझ्याकडं. आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जागेवर बसत गेलं. डोळे भरले पण ती रडली नाही.

"आज नाही म्हणालात. म्हणजे त्या दिवशी आला होता," ती म्हणाली. विचारलं नाही. नुसतं म्हणाली.

"हो."

"डिझेलसकट."

"हो."

ती तशीच बसून राहिली. मेणबत्ती तिनं विझवली नाही, संपेपर्यंत जळू दिली. रात्री उशिरापर्यंत चालली.

मी कारण शोधत राहणाऱ्यांतला माणूस आहे, त्यामुळं अजून शोधतोय. भास म्हणावा तर भासाला काकडी कुठून कळली? नाक क्षणभर चालू झालं म्हणावं तर बरणीत हुंगण्यासारखं काही नव्हतंच, नुसतं मेण होतं. नसीम भाभी म्हणतात, अल्लाह कू मालूम. मुलगी म्हणते, पप्पा, तुम्ही कधीतरी ऐकलं असेल आणि विसरला असाल. असेलही. मी नाही म्हणत नाही. यातलं एकही कारण मला पूर्ण बसत नाही आणि दुसरं सापडत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं असं काही झालं असेल तर कळवा, पण समजूत घालायला कळवू नका.

त्या दुपारी जेवायला बसलो. अर्चनानं पिठलं वाढलं, भाकरी मोडून ताटात ठेवली आणि स्वतःचं ताट न घेता समोर बसली.

"तुम्हाला जेवताना काय लागतं मग?" तिनं विचारलं.

चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी कुणाला विचारू दिलंच नव्हतं. घास हातात तसाच राहिला.

"मीठ कळतं," मी म्हणालो. "तिखट कळतं. भाकरी गरम आहे की गार, ते कळतं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं नाही."

ती ऐकत होती. मी सांगत गेलो.